आयटीआयवाल्यांनी जर्मनीला जाताना आपला ट्रेड तिथल्या कामाशी कसा जुळवायचा

मी आयटीआय इलेक्ट्रिशियन, छत्रपती संभाजीनगरचा. वाळूज एमआयडीसीत सहा वर्षं पॅनेल वायरिंग आणि मेंटेनन्स केलं, आता जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. आठवड्याला गावाकडून कोणाचा तरी मेसेज येतोच, दादा कोणत्या एजंटकडून गेलास, किती लागले. सगळे एजंटचं विचारतात, पण माझा ट्रेड तिकडच्या कोणत्या कामात बसतो हे अजून एकानंही विचारलेलं नाही, आणि सगळा खेळ तिथेच आहे. तिकडे तुमचं काम बघायच्या आधी तुमचा कागद बघतात, आणि त्या कागदावर तुमचं काम त्यांच्या भाषेत, त्यांच्या चौकटीत लिहिलेलं नसेल तर दहा वर्षांचा कारागीर पण हेल्पर ठरतो. मी असे लोक इथे पाहिलेत, आपल्याकडे पूर्ण लाईन सांभाळणारा माणूस इथे गोदामात खोकी उचलतोय, कारण कागद जुळवायचं त्याला कोणी सांगितलंच नाही.

म्हणून हे सविस्तर लिहितोय. हे मुख्यतः आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांसाठी आहे. नर्सिंगवाल्यांचं थोडं वेगळं आहे, ते मध्ये सांगतो.

१) आधी तुमच्या ट्रेडचा तिकडचा जोडीदार शोधा

जर्मनीत परदेशी शिक्षणाची तपासणी करून मान्यता देतात, त्याला आनएरकेनुंग म्हणतात. १ एप्रिल २०१२ पासून याचा कायदाच आहे, त्यामुळे तुमचं सर्टिफिकेट तपासून घ्यायचा हक्क तुम्हाला आहे, नागरिकत्व कुठलंही असो. ते लोक तुमचा आयटीआय ट्रेड घेतात आणि तिकडच्या एका ठरावीक व्यवसायाशी शेजारी ठेवून ताडून बघतात. हा व्यवसाय अर्जात तुम्हीच निवडायचा असतो, आणि इथेच बहुतेक जण चुकतात.

इलेक्ट्रिशियनचंच बघा. तिकडे इलेक्ट्रिशियन नावाचं एकच काम नाही. कारखान्यात मशीन, पॅनेल, मेंटेनन्स करणारा तो एलेक्ट्रोनिकर फ्युअर बेट्रीब्सटेखनिक, आणि घरांचं, इमारतींचं वायरिंग करणारा तो एनर्गी उंड गेबॉयडेटेखनिकवाला एलेक्ट्रोनिकर. पहिल्याचा अर्ज न्युर्नबेर्गच्या आयएचके फोझा या संस्थेकडे जातो, दुसरा कारागिरीच्या धंद्यात मोडतो म्हणून तो हांडवेर्क्सकामर म्हणजे तिथल्या भागाच्या कारागीर मंडळाकडे. तुम्ही एमआयडीसीत काम केलं असेल आणि अर्ज बिल्डिंगवाल्यात टाकला तर तुमचा निम्मा अनुभव मोजलाच जाणार नाही, मग परत अर्ज, परत फी, परत वाट बघणं.

बाकीचे ट्रेड साधारण असे जुळतात:

- फिटर: इंडुस्ट्रीमेखानिकर
- टर्नर, मशिनिस्ट: त्सेरश्पानुंग्समेखानिकर
- मोटर मेकॅनिक: काएफत्सेट मेखाट्रोनिकर
- फ्रिज-एसीवाले: केल्टेटेखनिकचा मेखाट्रोनिकर
- प्लंबर: आनलागेनमेखानिकर, यात नळासोबत हीटिंग पण येतं

वेल्डर भावांनी नीट वाचा, तिकडे वेल्डर असा वेगळा साडेतीन वर्षांचा कोर्स नाही. वेल्डिंग हे कॉन्स्ट्रुक्स्योन्समेखानिकर किंवा मेटालबाउअरच्या कामाचा एक भाग धरतात, आणि प्रत्यक्ष कामावर आयएसओ ९६०६ च्या टेस्टचं सर्टिफिकेट बघतात.

हे सगळं शोधायला आनएरकेनुंग इन डॉइचलांड नावाची सरकारी वेबसाईट आहे, फुकट आहे, त्यात व्यवसाय टाकला की कोणत्या ऑफिसकडे अर्ज करायचा ते येतं. व्यवसाय निवडण्यापूर्वी त्या जर्मन व्यवसायात पोरांना काय काय शिकवतात ते वाचा. कळलं नाही तर मोबाईलवर भाषांतर करा पण वाचा, त्यातली किती कामं तुम्ही खरंच हातानं केलीत त्यावर टिकमार्क करा. ज्यात जास्त टिकमार्क, तो तुमचा व्यवसाय.

२) मग रस्ता ठरवा

सगळ्यांना एकच व्हिसा नसतो. आयटीआयवाल्याला साधारण हे रस्ते आहेत.

पहिला, भारतातूनच मान्यतेचा अर्ज करायचा. पूर्ण मान्यता आली तर थेट कुशल कामगार म्हणून व्हिसा. पण खरं सांगतो, आपला दोन वर्षांचा आयटीआय आणि त्यांचा साडेतीन वर्षांचा कोर्स, पूर्ण मान्यता क्वचितच येते, बहुतेकांना अर्धवट येते. अर्धवट आली की तिकडे जाऊन राहिलेला भाग शिकायचा व्हिसा मिळतो. मी याच रस्त्यानं आलो.

दुसरा, मार्च २०२४ पासून सुरू झालेली मान्यता-भागीदारी. यात आधी नोकरीचं काँट्रॅक्ट घ्यायचं, जर्मनीत जायचं, काम करता करता मान्यतेचा अर्ज करायचा. अट म्हणजे किमान दोन वर्षांचं सरकारमान्य ट्रेनिंग आणि जर्मन भाषा ए२ (भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात).

तिसरा, अनुभवावरचा. दोन वर्षांचं सरकारमान्य ट्रेनिंग आणि गेल्या पाच वर्षांत किमान दोन वर्षं त्याच लाईनचं काम. इथे मान्यता लागत नाही पण पगाराची अट आहे, २०२५ मध्ये ती वर्षाला ४३,४७० युरो होती आणि दर जानेवारीत बदलते. युनियनच्या करारानं पगार देणारी कंपनी असेल तर यात सूट मिळते.

चौथा शान्सेनकार्ट, जून २०२४ पासून, म्हणजे पॉइंटवर मिळणारा नोकरी शोधायचा व्हिसा. बँकेत अडकवून ठेवायला बराच पैसा लागतो, काँट्रॅक्ट हातात नसताना घर गहाण टाकून या रस्त्यानं जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मोठा खड्डा. दुसऱ्या आणि तिसऱ्या रस्त्यावर "किमान दोन वर्षं" लिहिलंय. इलेक्ट्रिशियन, फिटर, वायरमन, टर्नर, मशिनिस्ट, मोटर मेकॅनिक हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत, ते बसतात. वेल्डर आणि प्लंबर एक वर्षाचे, ते तसेच्या तसे बसत नाहीत. एजंट हे सांगत नाही कारण त्याला रजिस्ट्रेशन फी घ्यायची असते. वय कमी असेल, विशी-बाविशीत असाल, तर तिकडची आउसबिल्डुंग म्हणजे स्टायपेंड घेऊन पहिल्यापासून शिकण्याचा विचार करा, त्याला साधारण बी१ लागतं. आणि ४५ च्या पुढचं वय असेल तर पहिल्यांदा जाताना पगाराची वेगळी, जास्तीची अट लागते किंवा म्हातारपणाची सोय दाखवावी लागते, ते आधीच तपासा.

नर्सिंगवाल्यांना मान्यतेशिवाय नर्स म्हणून काम करताच येत नाही. लायसनसाठी बहुतेक ठिकाणी बी२ लागतं, आणि फरक निघाला तर एक तर परीक्षा द्यायची नाहीतर तिथल्या हॉस्पिटलमध्ये पूरक ट्रेनिंग पूर्ण करायचं. प्रत्येक राज्याचं ऑफिस वेगळं, म्हणून कोणत्या राज्यात नोकरी आहे ते ठरल्यावरच कागद पाठवा.

३) कागद गोळा करा, आणि नाव तपासा

- राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र म्हणजे आपलं एनटीसी, एनसीव्हीटी या केंद्राच्या व्यवसाय प्रशिक्षण परिषदेचं
- सगळ्या मार्कशीट. २०१३ ते २०१८ च्या मधे ॲडमिशन घेतलेल्यांच्या सेमिस्टरच्या चारही, एक पण कमी नको
- तुमच्या बॅचला जो सिलॅबस होता तो, आजचा नाही. डीजीटी म्हणजे केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाच्या वेबसाईटवर मिळतो, नाही मिळाला तर आयटीआयमधून सही-शिक्क्यासह घ्या
- ॲप्रेंटिसशिप केली असेल तर एनएसी म्हणजे त्याचं राष्ट्रीय प्रमाणपत्र
- अनुभवाची पत्रं
- पीएफची सर्व्हिस हिस्ट्री, पगाराच्या स्लिपा
- कंपनीत झालेले ट्रेनिंग, पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर), ड्राइव्ह, सेफ्टी, जे काही असेल त्याचं सर्टिफिकेट
- वायरमन परवाना असेल तर तो
- पासपोर्ट आणि तारीखवार लिहिलेला बायोडेटा
- शपथबद्ध भाषांतरकाराकडून केलेलं जर्मन भाषांतर

नावाचा घोळ आपल्याकडे हमखास असतो. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात, बाकीचं नाव दुसऱ्या. त्यात कुठे वडिलांच्या नावापुढे "राव" लागलेलं, कुठे नाही, कुठे स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. आपल्याला त्यात काही वाटत नाही पण तिकडे टेबलावर बसलेल्याला ती दोन वेगळी माणसं दिसतात. भाषांतराला द्यायच्या आधी सगळे कागद ओळीनं मांडा आणि नाव अक्षर-अक्षर जुळवा, फरक असेल तर दुरुस्ती किंवा ॲफिडेव्हिट आधीच करून ठेवा. भाषांतर झाल्यावर कळलं तर दुहेरी खर्च.

आयटीआयमध्ये जाताना वेळ काढून जा. क्लार्ककडे चकरा मारण्यापेक्षा आपल्या जुन्या इन्स्ट्रक्टर सरांना भेटा, माझ्या सरांनी स्वतः जुन्या कपाटातून माझ्या बॅचचा सिलॅबस काढून दिला, प्राचार्यांची सही पण त्यांनीच आणली.

४) अनुभवाचं पत्र, यात घाई करू नका

माझे सगळ्यात जास्त दिवस इथे गेले. आयटीआय दोन वर्षांचं असल्यामुळे जो फरक निघतो तो अनुभवानं भरून निघू शकतो, कायद्यातच तशी सोय आहे. पण अनुभव म्हणजे पत्रात लिहिलेला अनुभव, तुमच्या डोक्यातला नाही.

मला कंपनीनं पहिल्यांदा जे पत्र दिलं ते तीन ओळींचं होतं. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत इलेक्ट्रिशियन म्हणून काम केलं, वागणूक चांगली, पुढील वाटचालीस शुभेच्छा. ते भाषांतर करून पाठवलं, तिकडून उत्तर आलं की यावरून नेमकं काय काम केलं ते कळत नाही. दोन महिने फुकट गेले.

मग मी बसून स्वतःच मसुदा लिहिला आणि एचआरच्या साहेबांकडे घेऊन गेलो. त्यात असं लिहिलं: ड्रॉइंग बघून कंट्रोल पॅनेलचं वायरिंग, फेरुलिंग आणि टेस्टिंग. स्टार-डेल्टा आणि डीओएल स्टार्टर जोडणं आणि बिघाड शोधणं. व्हीएफडीचे पॅरामीटर लावणं. मेगरनं मोटरचं इन्सुलेशन तपासणं. अर्थ पिटचा रेझिस्टन्स मोजून रजिस्टरला नोंद. पीएलसीचे इनपुट-आउटपुट बघून ब्रेकडाऊन काढणं. प्रत्येकापुढे किती वर्षं आणि रोज की कधीतरी. आठवड्याचे तास पण लिहिले. लेटरहेड, शिक्का, सही करणाऱ्याचं नाव-हुद्दा आणि कंपनीचा ईमेल. साहेब आधी नको म्हणाले, आमचा फॉरमॅट ठरलेला आहे. मी मेंटेनन्सच्या मॅनेजरना सोबत घेऊन गेलो, ते म्हणाले याच्यात एक पण ओळ खोटी नाही, मी सही करतो. दोन पानांचं पत्र झालं आणि त्याच पत्रानं माझं काम केलं.

खोटं मात्र एक ओळ पण लिहू नका. पीएलसी प्रोग्रॅमिंग येत नसेल तर लिहू नका, पुढे मुलाखतीला तेच विचारतात.

ठेकेदाराकडून लागलेल्यांचा प्रश्न जास्त अवघड, आणि आपली निम्मी पोरं तशीच लागतात. मूळ कंपनी म्हणते तू आमचा नाहीस, ठेकेदार म्हणतो मी फक्त माणसं पुरवतो. अशा वेळी ठेकेदाराकडून कामाच्या यादीसकट पत्र घ्या, त्यात कोणत्या कंपनीत कोणत्या डिपार्टमेंटला हे लिहून घ्या, आणि त्याला पीएफ, स्लिपा, गेटपास, कारखान्यात काम करायच्या परवान्याची (वर्क परमिट) कॉपी जोडा. जे आज कामाला आहेत त्यांनी आजपासून हे जमवायला लागा, नोकरी सोडल्यावर कोणी ओळख देत नाही.

कागद मिळणारच नसतील, कंपनी बंद पडली असेल, तर कायद्यात अजून एक दार आहे. क्वालिफिकात्स्योन्सआनालिझे म्हणतात, त्यात तुम्हाला समोर बसवून प्रात्यक्षिक किंवा तांत्रिक मुलाखत घेतात आणि त्यावरून ठरवतात. हे बहुतेक वेळा जर्मनीतच होतं, पण अर्जाच्या वेळी मागता येतं.

५) अर्ज करा

आयएचके फोझाचा अर्ज भारतातून करता येतो. फी साधारण १०० ते ६०० युरोच्या मधे, कागद पूर्ण पोचल्यावर साधारण तीन महिन्यांत निर्णय. यातला "पूर्ण" शब्द महत्त्वाचा, एक मार्कशीट कमी असेल तर घड्याळ सुरूच होत नाही. त्यांच्या ईमेलला दोन दिवसांत उत्तर द्या, स्पॅममध्ये पण बघत जा.

अर्जाआधी काही शंका असेल तर बॉनला झेडएसबीए म्हणून सरकारी केंद्र आहे, परदेशात बसलेल्यांना फुकट सल्ला देतं, कोणता व्यवसाय निवडू, कोणते कागद, सगळं सांगतं. मला हे उशिरा कळलं. तुम्ही पहिल्याच आठवड्यात त्यांना लिहा.

दुसऱ्या-तिसऱ्या रस्त्यानं जाणाऱ्यांना झेडएबी या ऑफिसकडून आपलं सर्टिफिकेट भारतात सरकारमान्य आहे असा ऑनलाइन दाखला लागतो, त्याचा अर्ज वेगळा असतो. एनसीव्हीटी आणि खाजगी इन्स्टिट्यूटचा "डिप्लोमा" यातला फरक इथे उघडा पडतो.

६) अर्धवट मान्यता आली तर घाबरू नका

निर्णयाच्या पत्राला बेशाइड म्हणतात. माझं आलं तेव्हा मला वाटलं नापास झालो. पण त्या पत्रात दोन याद्या असतात, काय जुळतं आणि काय राहिलं. राहिलेली यादी हीच तुमची शिकण्याची यादी. माझ्यात तिथले इलेक्ट्रिकल नियम, संरक्षक उपकरणांची तपासणी आणि ऑटोमेशनचा थोडा भाग राहिला होता.

आणि ते का राहिलं ते इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात समजलं. आपल्याकडे जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये तीन फेज म्हणजे लाल, पिवळा, निळा, न्यूट्रल काळा. इथे फेज तपकिरी, काळा, करडा, आणि निळा म्हणजे न्यूट्रल. म्हणजे जो निळा मी सहा वर्षं फेज म्हणून हाताळला तो इथे न्यूट्रल, आणि जो काळा मी न्यूट्रल समजायचो तो इथे फेज. सवयीनं हात गेला तर जीव जाऊ शकतो. माझ्या फोअरमननी पहिल्या दिवशी मला पॅनेलला हात लावू दिला नाही, आधी पाच नियम पाठ करून घेतले: सप्लाय तोडा, परत चालू होणार नाही अशी सोय करा, व्होल्टेज नाही हे मोजून खात्री करा, अर्थ आणि शॉर्ट करा, शेजारचे चालू भाग झाका. आपल्याकडे टेस्टर लावला की झालं. तेव्हापासून त्या राहिलेल्या यादीकडे मी अपमान म्हणून बघत नाही.

ही यादी मुलाखतीत कंपनीला स्वतः दाखवा. कंपनीला पण कळतं की या माणसाला नेमकं एवढंच शिकवायचंय, आणि पुष्कळ कंपन्या ते कामावर ठेवूनच शिकवतात. माझं चौदा महिन्यांत झालं, मग परत अर्ज करून पूर्ण मान्यता घेतली, आणि पगाराची श्रेणी हेल्परवरून कुशल कामगाराची झाली.

७) भाषा पहिल्या दिवसापासून

कागद आणि भाषा सोबत चालू द्या. पुण्यात आणि मुंबईत मॅक्स म्युलर भवन आहे, परीक्षा तिथे देता येते. ए२ वर व्हिसा मिळेल पण ए२ वर काम जमत नाही, बी१ करून या, मी कळकळीनं सांगतो. आणि आपल्या ट्रेडचे शब्द वेगळे पाठ करा, क्लासमध्ये फळं-भाज्या शिकवतात, स्क्रू ड्रायव्हर, फ्यूज, गळती, गंज हे कोणी शिकवत नाही. मी वहीत तीन रकाने केले होते, मराठी, जर्मन, आणि छोटं चित्र. ती वही अजून लॉकरमध्ये आहे.

८) कंपनी आणि व्हिसा

मेक इट इन जर्मनी ही तिथल्या सरकारची वेबसाईट, नोकऱ्या तिथून शोधा, बायोडेटात मान्यतेचा निर्णय सगळ्यात वर लिहा. कंपनी तयार झाली की तिला फास्ट ट्रॅकबद्दल विचारा. कंपनी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात ४११ युरो भरून अर्ज करते, मग मान्यता आणि व्हिसा दोन्हीच्या मुदती कमी होतात. छोट्या कंपन्यांना हे माहितीच नसतं, तुम्ही सांगा. महाराष्ट्र आणि गोव्यातल्यांचा व्हिसा मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडून होतो, फी ७५ युरो.

काँट्रॅक्टवर सही करण्यापूर्वी बघा की कामाचं नाव तुमच्या मान्यतेतल्या व्यवसायाशी जुळतंय का. "हेल्पर" अर्थाचा शब्द, हेल्फर, दिसला तर थांबा आणि विचारा.

९) पैसे आणि एजंट

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेमबेर्गसोबत १० हजार कुशल कामगारांचा करार केला, पेपरला आलं होतं. सरकारी योजनेचं नाव घेऊन कोणी रोख मागत असेल तर सरळ आयटीआयमध्ये किंवा जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात जाऊन खात्री करा. एजंट धरायचाच असेल तर केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा नोंदणी नंबर बघा, नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं, पावतीसह. माझ्याकडून एकानं "फाईल चार्ज" म्हणून ८० हजार घेतले होते, पावती नाही, ते गेले ते गेलेच. त्यानं जे कागद "तयार करून" दिले त्यात माझा ट्रेड बिल्डिंगवाला टाकला होता, मला परत सगळं पहिल्यापासून करावं लागलं. मूळ मार्कशीट आणि पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात देऊ नका, कॉपी द्या.

कोणाला अनुभवाच्या पत्राचा मसुदा लिहायचा असेल तर आपला ट्रेड, किती वर्षं, आणि रोज सकाळी कामावर गेल्यावर नेमकं काय काय करता ते साध्या मराठीत लिहून पाठवा. मी रविवारी बसतो.